गच्चीवरची तार आणि आमचे हे

रेडिओवाल्याशी लग्न केलं की किस्से आठवून ठेवावे लागत नाहीत. गच्चीवरच्या तारांसारखे ते आपोआप वाढत जातात आणि येता-जाता आपल्याच डोक्याला अडकतात!

आमचे हे हॅम. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन लायसन घ्यायचं आणि घरबसल्या रेडिओवरून जगभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या. मी सातवी शिकलेली. मला एवढंच कळतं, की कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांपैकी एक यंत्रांची आहे.

*

एकदा खालच्या काकूंनी ह्यांच्या तारेवर नऊवारी वाळत घातली. हे धावत वर. "काकू, तुमच्या साडीमुळे जपान ऐकू येईना!"

काकू चिमटा लावत म्हणाल्या, "मग जपानला सांग, साडी वाळली की ये."

*

हे रेडिओवर बोलायला लागले की बिल्डिंगभरच्या टीव्हीत घुसतात. मालिकेतली सून ढसाढसा रडतेय आणि मध्येच ह्यांचा आवाज, "माझा आवाज नीट येतोय का?"

खालून काकू ओरडल्या, "येतोय! तिचा येत नाहीये!"

*

आमचा चिनू साडेतीन वर्षांचा. सदा बाबांच्या मांडीवर, रेडिओसमोर. त्यांच्याशी बडबडतो, पण मी किंवा बाहेरच्या कुणी काही विचारलं की गप्प! बायका म्हणायच्या, "बोलत नाही का अजून?"

त्यात तो तापातून उठलेला. म्हटलं, "अहो, त्याला स्वेटर आणा." हे बुधवार पेठेतल्या रेडिओच्या दुकानातून जुना ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. "अगं, चालू केला की मस्त गरम होतो!"

*

माझा भाऊ कॉम्प्युटर कंपनीत. म्हणाला, "भाऊजी, आता इंटरनेट आलं. पुढे हे कोण करणार?"

"ईमेलला पत्ता लागतो रे. आम्ही नुसती हाक मारतो. जगात कुणीही ओ देतं."

मी मघापासून स्वयंपाकघरातून सिलिंडर बदलायला हाका मारत होते. त्याला ओ नाही!

*

एकदा माझा संयम सुटला. मी बोलतेय, बोलतेय, आणि हे मांडीवर चिनूला घेऊन शांत. शेवटी ओरडले, "बोला की काहीतरी!"

"तू 'ओव्हर' कुठे म्हणालीस? आपलं बोलून झालं की म्हणायचं. त्याशिवाय आम्ही मध्ये बोलत नाही."

तेव्हाच ठरवलं, हा शब्द माझ्या तोंडून मेले तरी निघणार नाही!

*

बालवाडीत प्रवेशाआधी मुलाला प्रश्न विचारतात. हे नेमके ड्यूटीवर. मी एकटी चिनूला घेऊन गेले.

"बाळ, नाव काय तुझं?" बाईंनी विचारलं.

चिनू टक लावून बघतोय.

"कुठे राहतोस? बरं, ह्या चित्रात काय दिसतंय?"

गप्प. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आणखी वर्षभर थांबू या का?"

मी चिनूकडे बघितलं. मांडीवर हात, मान जरा तिरकी. अगदी हे भांडणात बसतात तसा!

मी डोळे मिटले. "ओव्हर."

चिनू सरसावून बसला. "आवाज मस्त येतोय, बाई! मी चिन्मय. कोथरूड. चित्रात माकड. ओव्हर!"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. दाराकडे एकदा बघून घेतलं. मग हळूच विचारलं, "माकड काय खातंय? ओव्हर."