ताईंचं लोणी

अकोल्याला माझी मोठी नणंद एकटी राहते, मुलं बाहेरगावी. शाळेतून निवृत्त झालेली, कडक स्वभावाची. गेल्या मे महिन्यात तिचा अमरावतीला मला फोन आला, "ते मोबाइलवर दाखवतात ना, चीजकेक, ते मले खाचं हाये. तू येऊन करून दे." बिस्किटांच्या थरासाठी बटर घेऊन येते म्हटलं, तर भडकलीच. "घरी लोनी असताना इकतचं कायले आनतं?"

तिच्याकडे पोचले आणि फ्रिज उघडला. आतून आंबट, कुबट वाफ तोंडावर आली. दाराचं रबर निसटलेलं, वर अकोल्याचं ऊन आणि सारखी जाणारी वीज. साईचा डबा तिने माझ्यापुढे धरला. साय पिवळी पडून कडेने हिरवट झालेली, वर बुळबुळीत पाणी. मी काही बोलायच्या आत तिने ती घुसळून लोणी काढलं आणि कढवायला ठेवलंही. ओल्या बोकडासारखा वास घरभर पसरला. पदर नाकाला लावायचीही मला लाज वाटत होती.

ते तूप तिने बिस्किटांच्या चुऱ्यात ओतलं आणि चिमूटभर चुरा माझ्या तळहातावर ठेवला. मानापायी मी तो तोंडात टाकला. जिभेवर कडवट, खवट चिकटा बसला. मी मोरीकडे धावले आणि ओकले.

"काहून, उन्ह लागलं का?" ती मागून आली.

"ताई, साय सडली आहे. तुम्हाला वास येत नाही?"

ती हळूच म्हणाली, "नाई येत. मांगं ताप आला व्हता, त्यातून उठली तवापासून कायचाच वास येऊन नाई राहिला. चवबी नाई."

"आम्हाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? पोरं म्हनतीन, बुढी झाली."

म्हणजे ती इतके दिवस हेच खात होती.

आम्ही दोघींनी फ्रिज रिकामा केला. बुरशी आलेली चटणी, तार सुटलेली भाजी. प्रत्येक डबा ती आधी माझ्या नाकाशी धरायची आणि माझं तोंड बघून फेकायची. थरासाठी आता काय घ्यायचं? डालडा होता, पण तो टाळूला मेणासारखा चिकटतो. खोबरेल तेल फ्रिजमधून काढताच त्या उन्हात पातळ झालं असतं. शेवटी भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये फिरवले आणि त्या लगद्यात नवीन बिस्किटांचा चुरा मळला. तो झकास बसला. वर मी आणलेलं चीज घालून केक शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवला.

संध्याकाळी तिने खाल्ला. मी विचारलं, "कसा लागतो?"

"गार लागते. खाली कुरकुरीत." तिने आणखी एक तुकडा घेतला.

माझ्याच्याने मात्र एक घासही गेला नाही. तो वास माझ्या नाकातून हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. औषध चालू आहे, वास अजून आलेला नाही. आणि मी घरी साय साठवणं बंद केलंय, नुसता डबा बघितला तरी घशाशी येतं.