पहिल्या फर्म्यातली कुस्ती

फौजेतून कायमचा घरी आलो तेव्हा माझ्याकडे एक लोखंडी ट्रंक होती आणि पोटात गोष्टी इतक्या की, आष्ट्याच्या चहाच्या हॉटेलात मी तोंड उघडलं की दूध नासेपर्यंत कुणी उठत नसे. शेवटी हॉटेलवाला म्हणाला, "आवं, लिवून काढा की समदं येकदा." त्याला त्याची बाकडी मोकळी करून हवी होती, हे मला कळत होतं. पण मी मनावर घेतलं आणि आत्मचरित्र लिहायला बसलो. लेखणी अशी उधळली की शेजारचा ऊस तुटून कारखान्याला गेला, त्याच्या बुडख्यातून फुटलेला खोडवा कमरेला लागला, तरी मी अजून स्वतःच्या बारशातच होतो.

पुण्याच्या प्रकाशकांनी बाड परत पाठवलं. म्हटलं, आपणच छापू. आमच्याच भागात, विश्रामबागेकडं एक छोटा छापखाना होता. मालक मोठा सज्जन. त्यांनी विचारलं, "प्रकाशक म्हणून कुणाचं नाव टाकू?"

"माझंच टाका."

"लेखकच प्रकाशक बरा दिसत नाही हो. सगळे बायकोचं टाकतात."

टाकलं. त्या काळी घरोघरी असंच होतं; कवीची बायको चुलीपुढं आणि पुस्तकात प्रकाशिका. जेवताना मी घरी सांगितलं. बायकोनं भाकरी उलटली आणि विचारलं, "मग प्रकाशिकंनं करायचं काय असतं?"

मला काय झालं होतं कोण जाणे. ऐटीत बोलून गेलो, "प्रकाशक म्हणजे पुस्तकाचा मालक. तो म्हणेल ते छापायचं, नको म्हणेल ते गाळायचं."

"आसं व्हय," ती म्हणाली. तेवढंच.

छापखान्यात अक्षरांचे खिळे मोजकेच. आठ पानं जुळवायची, छापायची, मग खिळे सोडून त्याच खिळ्यांची पुढची आठ पानं जुळवायची. या आठ पानांना फर्मा म्हणत. माझ्या पहिल्या फर्म्यात बालपण होतं आणि शेवटी जत्रेतली कुस्ती. शेजारच्या गावच्या एका रेड्यासारख्या पोराला मी, उसाच्या पाचटासारखा माणूस, पातं लवायच्या आत अस्मान दाखवलं होतं. तो रेडा पुढं मोठा वस्ताद झाला, स्वतःची तालीम काढली, हेही मी कौतुकानं लिहिलं होतं. फर्मा छापून हातात आला तसा हॉटेलात खणखणीत वाचून दाखवला.

दुसऱ्या सकाळी वस्ताद दारात. दार अपुरं पडलं म्हणून गडी आडवा होऊन आत आला. गोठ्यातली म्हैस भावकीतलं कुणी आलं असं समजून उठून उभी राहिली.

"पुस्तकाचा मालक कोन हाय?"

मी छाती काढली, तोवर चुलीपासून आवाज आला, "मी हाय. बसा भाऊजी."

वस्ताद घोंगड्यावर बसला. भांडायला आला असता तर मी तयार होतो, पण त्याचा आवाज बारीक झाला होता. "वैनी, कालपास्नं तालमीतली पोरं माज्याकडं बघून गालात हसत्यात. ह्ये पुस्तक गावोगाव गेलं तर आईबाप पोरं काढून न्हेत्याल. ह्या काडीकडनं पडला त्यो काय शिकवनार, म्हंत्याल. तालीम मोडंल माजी."

बायकोनं मला विचारलं, "कुस्ती झाली ती खरी का?"

"खरी."

"झाली," वस्ताद म्हणाला. "पर मी पडलो न्हवतो. बसलो हुतो."

"पाठीवर?" मी विचारलं.

"इसावा घ्येत हुतो."

बायकोनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "छापलेलं बदलता येतंय का?"

"खिळे कवाच सोडले. आता ब्रह्मदेव आला तरी नाही."

"म्होरला फर्मा?"

"अजून कोरा."

"मग त्यात दुसरी कुस्ती घाला. पर आधी धरा. बघितल्याबिगर मी कायबी छापत न्हाई."

तालमीत बायकांनी जायची रीत नव्हती, म्हणून कुस्ती आमच्या घरामागच्या परड्यात ठरली. नांगरून माती भुसभुशीत केली. वस्तादाचे पठ्ठे कुडावर चिमण्यांसारखे बसले. प्रकाशिका मधोमध पाटावर, हातात लसूण सोलायला.

सलामी झाली आणि पुढच्या क्षणाला मी वस्तादाच्या डोक्यावर. इतका उंच, की पाटणापर्यंतचे डोंगर दिसले, कोयनेचं पाणी चमकलं, आणि छापखान्याचे मालक दुपारची डुलकी घेत होते तेही दिसलं. खाली पठ्ठे बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

वस्ताद हळूच म्हणाला, "पाडू का रं?"

"पाड गड्या. पर दमानं. पाठीत उसण भरलीया."

"मग उतरायचंच कशाला?"

"मालकिणीचा हुकूम हाय की."

त्याला हसू फुटलं. आधी पोट हललं, मग खांदे, मग वर मी. धरणीकंप झाल्यासारखे आम्ही दोघं हेलपाटत खाली आलो आणि कुशीवर पडून हसत राहिलो. पाठ कुणाचीच लागली नव्हती.

"सुटली," बायको म्हणाली. "बरोबरीत."

कुडावरचा एक पठ्ठ्या उतरला. "आवं काकू, वस्तादांनी उचललं हुतं की."

"उचललं. पाडलं का?"

"न्हाई, पर..."

"ज्येला पटत न्हाई त्येनं आपलं पुस्तक काढावं."

दुसऱ्या दिवशी मी प्रकरण लिहिलं. कुस्ती दिवस मावळेपर्यंत चालली, असं लिहिलं. बायकोनं वाचून घेतलं आणि तेवढं काढायला लावलं. माझा लसूण सोलून झाला न्हवता, म्हणाली. मी वस्तादाला उचललं, हेही गेलं. पाटणचे डोंगर मात्र राहिले. "ऱ्हाऊ द्या, ग्वाड वाटतंय."

पुस्तक निघालं, वस्तादाची तालीम टिकली. टिकली कशाची, वाढली. पाटणाकडची पोरंसुद्धा येऊ लागली, कारण ज्याच्या डोक्यावरून आपला गाव दिसतो तो वस्ताद पाहायलाच हवा. तिथं दर नव्या पठ्ठ्याला माझं पुस्तक मिळतं. पण वस्तादानं आपल्या प्रती पहिला फर्मा वगळून बांधून घेतल्या आहेत. प्रकाशिकेनं परवानगी दिली. लेखकाला कुणी विचारलं नाही. त्या पोरांच्या लेखी मला ना बारसं, ना बालपण. नवव्या पानावर मी थेट त्यांच्या वस्तादाच्या डोक्यावरच जन्माला येतो.