लागलं नव्हे, गळलं

आमच्याकडं बोअरला पाणी 'लागतं'. त्यामुळं नळदुर्गजवळच्या आमच्या वस्तीतल्या हापशाला वास मारणारं, रंगीत तवंगाचं पाणी आलं, तेव्हा काका म्हणाले, "तेल लागलं." झालं. एका शब्दात अख्खी वस्ती अरबस्तान झाली.

हायवेपलीकडच्या पेट्रोलपंपाचा मालक दुसऱ्याच सकाळी हार-नारळ घेऊन हजर. "नशीब काढलंत तुम्ही. पण बोभाटा करू नका, भाव पडतो." विहारासमोर आम्ही नारळ फोडत नाही. त्या दिवशी फोडला. आणि प्यायचं पाणी? ते बाया लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणत होत्या. लेकरं खेळता खेळता हापशालाच तोंड लावत आणि मग ओकत. श्रीमंत व्हायचं म्हणून गप्प बसायचं, असा हा सौदा.

माझं डोकं फिरलं. मोर्चांची पत्रकं लिहिणारी मी, हेही लिहिलं:

'कच्चं तेल समुद्राच्या तळाशी जन्मतं. डोळ्याला न दिसणारे जीव मरून चिखलात गाडले जातात, वर थरावर थर चढतात, दाब आणि उष्णता त्यांना लाखो-करोडो वर्षं मुरवते. त्याचं तळं नसतं. ओल्या फडक्यात पाणी असावं तसं ते सच्छिद्र खडकात भरलेलं असतं, वर घट्ट खडकाचं झाकण. तिथवर हजारो फूट भोक पाडून पोलादी नळ्या सिमेंटनं बसवतात. मग ते आतल्या दाबानं, नाहीतर पंपानं वर येतं. आपला हापसा लाव्हाच्या काळ्या दगडातच थांबलाय. तेल लागलं नाही, गळलंय. पंपाच्या जमिनीतल्या टाक्या तपासा.'

विहारात हे वाचून दाखवलं तर काका उसळले. "पोरी, आमचं बरं झालेलं बघवत न्हाय व्हय तुला?"

"काका, जमिनीतून निघतं ते कच्चं असतं. ते कारखान्यात तापवून वेगळं करतात, तेव्हा त्याचं डिझेल होतं. तुम्ही वास घ्या आणि सांगा, हे काय आहे."

हापशाच्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं धरला. काकांचा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. त्यांनी हुंगलं, परत हुंगलं, तोंड वाकडं केलं. "डिझेल. तोंडानं नळी वढून वढून चव पाठ हाय मला."

"मग आपल्या रानात शिजवलेलंच पिकतं व्हय?" मी विचारलं.

मागून एक मावशी म्हणाली, "तरीच नारळ त्यानं आणला."

दुसऱ्या दिवशी पंपाच्या तोंडाशी रिकाम्या घागरींची रांग लावली. मालक धावत आला. "टाकी गळतेय याला पुरावा काय?"

"टाकी उघडा. आत आहे पुरावा," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक अडवू नका माझं."

काकांनी बादली उपडी घातली आणि वर बसले. "अडवलं कुठं, मालक? आमी बी गिऱ्हाईकच. तुमी माल घरपोच देताय, तवा कुठल्या नळीनं देताय तेवढं इचारायला आलो."

मालक म्हणाला, टाकी तपासायला माणूस उद्या बोलावतो, आता घरी जा. मी म्हटलं, आधी वस्तीला चांगल्या पाण्याचा टँकर, मग टाकीची तपासणी, मग घर. ट्रकवाले हॉर्न मारून पुढच्या पंपाकडं वळायला लागले, तेव्हा कुठं त्यानं टँकरवाल्याला फोन लावला आणि टाकीच्या झाकणाची किल्ली मागवली.

किल्ली आली, टँकर अजून यायचा होता. आम्ही तरी उठलो नाही.