पुरावा दाखवा, अक्का

सांगायला घरात कोणी नसलं की शाळेतले किस्से साठत जातात. हे गेल्यापासून मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यामागच्या आमच्या घरात मराठी बोलणारी मी एकटीच. मुलगी कोइम्बतूरला असते. फोनवर मी मराठीत विचारते, ती तमिळमध्ये उत्तर देते. किस्सा सुरू केला की म्हणते, "अम्मा, मीटिंग आहे." म्हणून इथे लिहिते.

मी मुलींच्या एका शाळेत लायब्ररी सांभाळते. गेल्या जूनमध्ये हेडमिस्ट्रेस मॅडमनी बोलावून सांगितलं, "अक्का, करस्पॉन्डंट सारांना लायब्ररीची खोली स्मार्ट क्लाससाठी हवी आहे. पुस्तकांनी मुलींचा अभ्यास सुधारतो, असा काही पुरावा असेल तर दाखवा."

करस्पॉन्डंट म्हणजे शाळा चालवणारे, आणि सरांना इकडे ‘सार’ म्हणतात. त्यांचा शब्द शेवटचा.

*

पहिला पुरावा म्हणून मी मॅडमकडे शरीराच्या चित्रांचं पुस्तक नेलं. बांधणी सुटलेली, हृदयाचं पान हाताळून हाताळून कापडासारखं मऊ झालेलं.

"बघा मॅडम, मुली किती वाचतात."

मॅडमनी ते दोन बोटांनी उचललं. "अय्यो, सार यायच्या आत हे मागे लपवा. पुस्तकं सांभाळत नाही म्हणतील. तो कोरा सेट आहे ना, तो पुढे लावा."

*

आठवीतली कयल वर्गात तोंड उघडत नाही, पण मधल्या सुट्टीत सवड मिळाली की लायब्ररीत हजर. विज्ञानाच्या पेपरात हृदयावर प्रश्न आला. तिनं उत्तर लिहिलं आणि खाली, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हेही लिहिलं. टीचरनी एक मार्क कापला. नोट्समध्ये नव्हतं म्हणून.

मी तो पेपर घेऊन धावतच मॅडमकडे गेले. "हे ती लायब्ररीत शिकली."

मॅडमनी चष्मा लावून पेपर वाचला. "म्हणजे लायब्ररीमुळे तिचा एक मार्क गेला?"

*

सार लायब्ररीत वर्षातून एकदाच येतात, सरस्वती पूजेला. त्या दिवशी सगळी पुस्तकं देवीपुढे रचायची आणि विजयादशमीपर्यंत एक पान उघडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मुली मांडीवर हात ठेवून ओळीनं बसलेल्या. सारांनी सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, खात सगळीकडे नजर फिरवली.

"इतक्या मुली, आणि एकही वाचत नाही."

"सार, आज वाचायचं नसतं."

"गेल्या वर्षीही मी हेच पाहिलं," सार म्हणाले.

*

पोंगलनंतर सार आणि मॅडम टेप घेऊन खोली मोजायला आले. आता काही उरलं नाही, म्हणून मी माझी वही पुढे केली. कोण आली, काय वाचलं, काय विचारलं, ते मी रोज लिहिते. अप्पांनी लहानपणी देवनागरी शिकवली होती, म्हणून मराठीत.

"हे आम्ही कसं वाचायचं, अम्मा?" सार म्हणाले.

"मी वाचते, सार." आणि मी तमिळमध्ये सांगत गेले. "सातवीची पोन्नी. कावेरी आटली की मासे कुठे जातात, विचारलं. दोन पुस्तकं शोधली. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं."

सार स्टुलावर बसले. स्वतःच पानं उलटू लागले. एका ओळीवर बोट ठेवलं, मग पुढच्या पानावर तशाच ओळीवर, मग आणखी पुढे.

"हे सारखं सारखं काय लिहिलंय?"

मला खोटं सांगता आलं नाही. "आज कोणी आलं नाही."

"का नाही आलं?"

मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, "लायब्ररीचा पिरियड मॅथ्सला दिला होता, सार."

"मग त्या दिवशी तुम्ही काय करता, अम्मा?"

"वाट बघते, सार."

सारांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. "उद्या लायब्ररी कुठल्या वर्गाची?"

"आठवी ब."

"येतील. तुम्ही आत्ताच लिहून टाका," म्हणत त्यांनी आपलं पेन पुढे केलं.

मी म्हणाले, "आल्यावर लिहीन, सार."