चिन्नोर, सुकट आणि माझा कोळसा

घरातले वास घालवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या हुडको कॉलनीत कोणी नाही.

आमचे मेहुणे प्रभाकर दरवर्षी गोंदियाकडून शेतातला चिन्नोर तांदूळ आधी पाठवतात आणि मागून स्वतः जेवायला येतात. हा भात शिजला, की त्याच्या वासानं शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, माहेरी गेल्यासारखं वाटतं. पण मागच्या खेपेला प्रभाकर दारातच नाक धरून म्हणाले, "ताई, तुह्या घरात सुकटीचा वास येऊन राहिला व!"

शोभाच्या ते फार जिव्हारी लागलं. "यंदा घरात वास नाही पायजे! माह्या भावासमोर इज्जतीचा सवाल हाय."

"कोक ओव्हनात जिंदगी गेली माही! तू मले वासाचं सांगून राहिली?" स्टील प्लांटमधल्या कोळसा भाजायच्या भट्टीवरून निवृत्त झालो, तरी माझी व्याख्यानं चालूच आहेत. कोळशाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं असतात. वाईट वायू आला, की त्यात शिरून चिकटून बसतो.

"पाहुण्यासारखा?" शोभानं विचारलं. (मी दुर्लक्ष केलं.)

मग कोळसा करायला तेलाच्या पिप्यात नारळाच्या करवंट्या भरल्या, झाकण मातीनं लिंपलं, एक भोक ठेवलं आणि अंगणात खालून जाळ लावला. हवा न लागू देता भाजायचं, अगदी प्लांटसारखं! फक्त भट्टीतून निघालेला गॅस पुढे कुठे जातो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते दुसरं डिपार्टमेंट बघायचं! इथे तो शेजारच्या भाभींच्या वाळत घातलेल्या साड्यांत गेला.

"भैया, आग लगी है क्या?"

"नहीं भाभी, हवा साफ कर रहा हूँ!"

उरलेला धूर आमच्या घरात शिरला. त्यापुढे सुकट म्हणजे अत्तर! शोभाचे डोळे भरून आले (धुरानं, अशी मी स्वतःची समजूत घातली). "प्रभाकर उद्या येऊन राहिला, अन् तुमी हे काय करून ठेवलं?"

मग मीही इरेला पेटलो. कोळशाच्या पोटल्या बांधल्या आणि पलंगाखाली, फ्रिजमध्ये, कपाटात, डब्याडब्यांत, जागा दिसेल तिथे कोंबल्या.

दुसऱ्या दिवशी प्रभाकरांनी दारातच हुंगून पाहिलं. "ताई, घर तं एकदम फर्स्टक्लास! वासच नाही!"

शोभानं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं, की आपण कामाचा माणूस आहोत असं मला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

मग ताटात भात आला. प्रभाकरांनी वाफेवर नाक नेलं. पुन्हा नेलं. त्यांचा चेहरा पडला.

"हा आपला चिन्नोर नाही, ताई. बाबाच्या धानाच्या बांधीतला तांदूळ कावून बदलला व? तुले आता आवडत नाही का?"

"तोच हाय रे! आईची शप्पत!" शोभा रडकुंडीला आली. तिनं डबाच उचलून आणला, तांदळात हात खुपसला आणि माझी पोटली बाहेर काढली.

मी म्हणालो, "म्हणजे कोळसा एक नंबर बनला!"

प्रभाकर ठसका लागेपर्यंत हसले. "ताई, सारा चिन्नोर भाऊजींच्या कोळशानंच खाल्ला व!" शोभाही डोळे पुसत हसायला लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता चिन्नोर शिजायचा असला, की शोभा घरातल्या सगळ्या पोटल्या वेचून अंगणात नेऊन ठेवते. आणि मलाही तिथेच बसवते. म्हणते, दोघांचाही भरवसा नाही!