बी तुनूची गाणी आणि फुंडी झुबेरीचा रेडिओ

टांझानियातल्या पंगानी गावात दुपारी कोणाला गाणं हवं असलं की ते बी तुनूच्या ओट्याकडे वळत. पहाटे उठून ती तांदूळ-नारळाचे वितुंबुआ तळायची आणि ऊन चढायच्या आत टोपली रिकामी करून घरी यायची. मग आंघोळ, नारळाच्या रसातला भात, भाजलेला मासा, आणि त्यानंतर ओट्यावर चटई. उशाला लाल दिव्याचा छोटा स्पीकर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं दार-एस-सलामला. दुपार सगळी तिची.

वैद्यानं चूर्ण द्यावं तशी ती गाणी सुचवायची. शेजारची चिकूची आई एकदा फणफणत आली.

"बी तुनू, सवतीनं नवा कांगा घेतलाय आणि माझ्या दारावरून तीनदा मिरवून गेली. एखादं झणझणीत गाणं सांगा."

"झणझणीत कशाला? भांडलीस तर तिला वाटेल तुला झोंबलं. हे घे. यात बाई नुसती हसते आणि म्हणते, नवऱ्याला तूच ने, मला झोप आलीय. हे लाव आणि खरंच झोप."

चिकूची आई खरोखर झोपली. सवतीनं दुसऱ्या दिवशी जुनाच कांगा नेसला.

बी तुनूची गाणी म्हणजे ताराब. व्हायोलिनं रडतात, ढोलकं समजूत घालतात, गाणारीला घाई नसते, आणि लग्नात बायका त्याच्या तालावर एकमेकींना गोड गोड टोमणे मारून घेतात. दुपारी पडल्या पडल्या ऐकायला याहून चांगलं काही नाही असं तिचं ठाम मत होतं.

पण बोळाच्या पलीकडे, समोरासमोर, फुंडी झुबेरीचा ओटा होता. फुंडी म्हणजे शिंपी, पायाच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवणारा उंच, सडपातळ विधुर. त्याला आवडायचे जुने नाचाचे बँड, गिटारी आणि कर्णे. दुपारी तोही आपला कॅसेटचा रेडिओ लावायचा आणि हल्ली इतका मोठ्यानं लावायचा, की बी तुनूची व्हायोलिनं त्यात बुडून जायची.

"अहो फुंडी! लग्नाची वरात चाललीय का तुमच्याकडे?" ती ओरडायची.

फुंडी पाठमोरा बसून काजं करत राही. मान वळवणं नाही, उत्तर नाही.

"माज बघा मेल्याचा," ती चिकूच्या आईला म्हणे आणि स्पीकरचा आवाज वाढवी. मग दोन्ही बाजूंनी असा कल्ला होई की बोळातली मांजरंसुद्धा नदीकडं निघून जात. चिकूच्या आईचं तान्हं दचकून उठे. शेवटी ती दोघांच्या मधोमध उभी राहिली आणि हातवारे करत म्हणाली, "एक गाणं यांचं, एक गाणं त्यांचं. पाळीपाळीनं. नाहीतर हे पोर मी तुमच्याकडे ठेवून माहेरी जाते."

पोराच्या धाकानं दोघंही कबूल झाली. बी तुनू आपल्या पाळीला निवडून निवडून गाणी लावायला लागली. या उंटाला एकदा तरी ताराब आवडलं पाहिजे. फुंडी तेवढ्यापुरतं तिच्याकडं बघून मान डोलवी, पण ती भलत्याच ठिकाणी. गाणारी श्वास घ्यायला थांबली की हा "वा!"

"याला कान आहेत की खुंट्या?" बी तुनू पुटपुटे.

एका दुपारी, उकाड्यानं पानही हलत नव्हतं तेव्हा, पाळी फुंडीची होती. कर्णे वाजले, गिटार वाजली आणि गाणं संपलं. कॅसेटची नुसती खरखर उरली. बी तुनूनं आपलं गाणं लावायला हात पुढं केला आणि तिचं लक्ष समोर गेलं. फुंडीचा पाय तालात हलत होता. डोळे मिटलेले. ओठांनी तो कर्ण्याचा तुकडा वाजवत होता, मग थांबला, एक ठेका सोडला, पुन्हा उचलला. खरखर चालूच होती. त्याचं गाणं चालूच होतं.

पाठमोऱ्या माणसाला मारलेल्या आपल्या सगळ्या हाका बी तुनूला आठवल्या. मग चपला न घालताच ती बोळ ओलांडून गेली आणि त्याच्या समोर उकिडवी बसली. त्यानं डोळे उघडले.

"कधीपासून?" तिनं स्वतःच्या कानाला हात लावून विचारलं.

फुंडीनं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग मांडीवरच्या कापडाकडं. "गेल्या पावसाच्या आधीपासून. जवळून बोललं तर कळतं. पण बहिऱ्या शिंप्याकडं माप सांगायला कोण येईल? आता तू गावभर करशील."

"गावाला काय करायचंय?" ती म्हणाली. "मीच एवढे दिवस तुम्हाला माजोरडा म्हणत होते."

"ते ऐकू यायचं," फुंडी म्हणाला. "तुझा आवाजच तसा आहे."

ती हसत सुटली, आणि मग तोही.

दुसऱ्या दिवसापासून फुंडी रेडिओ काखेत मारून तिच्या ओट्यावर येऊ लागला. तिनं रेडिओ लाकडी बाकावर ठेवला आणि त्याला बाकावरच बसवलं. फळीतून ढोलकाचा धक्का अंगाला लागायचा तसा त्याचा चेहरा खुलायचा. आवाज बेताचाच ठेवला तरी चालू लागलं. बोळात कळलं ते एवढंच, की भांडण मिटलं आणि पोर झोपू लागलं.

गाणी सुचवायचं काम आता त्याच्याकडं आलं. "ती पिवळी कॅसेट लाव, उलटी बाजू. कर्णेवाला उशिरा येतो बघ, जेवायला उशीर झालेल्या पाहुण्यासारखा." बी तुनू लावायची आणि त्याच्या कानाशी सांगत राहायची, "आला, आला तुमचा पाहुणा." हळूहळू वितुंबुआ तळताना तिच्या तोंडात गिटारीची धून येऊ लागली. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "छे, खोकला झालाय."

ईदला फुंडीची लेक टांगा शहराहून आली. बी तुनूनं तिला एकटीला गाठून सगळं सांगितलं. लेक बापाला घेऊन गेली. तो आठवड्यानं परतला तो कानामागं बोंडाएवढं यंत्र लावून, आणि घरी न जाता थेट बी तुनूच्या ओट्यावर.

"तुझंच लाव," तो म्हणाला. "सगळ्यात आवडतं."

तिनं लावलं. इतके दिवस कोणालाही न सुचवलेलं, लग्नाच्या वर्षी ऐकलेलं. फुंडीनं शिंकायचीसुद्धा हिंमत केली नाही. व्हायोलिनं थांबली तेव्हा त्यानं सुस्कारा सोडला.

"छान आहे. फक्त मध्येच ती दुसरी बाई कोण गाते? जरा बेसूर आहे."

"दुसरी कोण? एकटीच आहे ती."

"नाही गं, जवळून गाते. अगदी इथून."

बी तुनूला उमगलं. तिनं हातातला ओला फडका त्याच्या अंगावर भिरकावला. "मी गात होते ती! उठा, काढा ते यंत्र!"

फुंडी डोक्यावरचा फडका न काढताच खो खो हसत होता. "असू दे गं. पुन्हा लाव. या वेळी जरा मोठ्यानं गा, म्हणजे मला नीट नावं ठेवता येतील."

तिनं तोंड फिरवलं, पण गाणं पुन्हा लावलं. पहिल्या कडव्याला ती हट्टानं गप्प बसली. दुसऱ्याला तिला राहवलं नाही.