टोपलीखालचा पाहुणा

सुकटीचा डबा उघडला की मला भाट्याचा किनारा आठवतो. दिवाळीआधीचं वादळ नुकतंच सरलं होतं, ऊन पडलं होतं आणि बायकांनी पुन्हा सुकट वाळत घातली होती. तिथेच वाळूत पांढराशुभ्र, काळ्या पंखांचा, बदकाहून मोठा पक्षी बसून होता. मी पाहताक्षणी ओळखला: मास्क्ड बूबी, भर समुद्रातल्या बेटांवरचा, आपल्याकडे वाऱ्याने भरकटला तरच येणारा. ‘समुद्राचा पक्षी आहे, पाण्यातच सोडायला हवा,’ असं ठासून सांगत मी त्याला उचलून लाटांपर्यंत नेलंसुद्धा. सुकट उलथणारी एक चाची बसल्या जागेवरून म्हणाली, ‘ओ मास्तर, आमचा माणूस नऊ महिन्यांनी जहाजावरून घरी आला, की आम्ही त्याला परत बंदरावर नेऊन सोडतो काय? आधी निजू दे त्याला.’ लाट पायाला लागली होती आणि पक्ष्याची मान माझ्या हातावर लुळी पडली होती. मी मागे फिरलो. तिने मासळीची टोपली त्याच्यावर उपडी घातली, वर ओला फडका टाकला आणि सुकटीवरचे कावळे हाकलायची काठी घेऊन संध्याकाळपर्यंत त्याचीही राखण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली तेव्हा तो दोनदा अडखळला, मग वाऱ्यावर चढला आणि सरळ समुद्राकडे निघून गेला. आजही किनाऱ्यावर अनोळखी पक्षी सापडला की लोक मला फोन करून त्याचं नाव विचारतात. मी सांगतो, नाव मागाहून बघू, आधी टोपली घाला.